व्हेटर्न सरोवराची सायकल प्रदक्षिणा : एका दिवसामागे सहा महिन्यांची तयारी

स्वीडनच्या दक्षिण भागात व्हेटर्न नावाचे विस्तीर्ण सरोवर आहे. त्याच्या पूर्व काठावरील मोटाला या गावी दरवर्षी जून महिन्याच्या मध्यास हजारो सायकलस्वार जमतात आणि लहान लहान गटांनी मार्गस्थ होऊन संपूर्ण सरोवरास वळसा घालून पुन्हा त्याच गावी परततात. या उपक्रमास ‘व्हेटर्नरुन्डन’, म्हणजे व्हेटर्नचा फेरा, असे नाव आहे. अनेक दशके हे अंतर सुमारे ३०० किलोमीटर होते. मार्गात बदल झाल्यावर ते आता ३१५ किलोमीटर झाले आहे. पुण्याहून नागपूरकडे निघालेला मनुष्य जालना मागे टाकून पुढे जाईल, एवढे हे अंतर आहे आणि ते एका दमात, स्वतःच्या पायांच्या बळावर कापावयाचे असते.

या फेऱ्यात भाग घेणारे बहुसंख्य लोक व्यावसायिक खेळाडू नसतात. शिक्षक, परिचारिका, कारखान्यातील कामगार, कचेरीतील लिपिक, शेतकरी, निवृत्त झालेले आजोबा असे सर्व थरांतील स्त्रीपुरुष त्यांत असतात. सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे वाटणारे हे अंतर इतक्या लोकांकडून पार पडते, याचे कारण त्या दिवशीच्या जिद्दीपेक्षा त्याआधीच्या सहा महिन्यांत शोधावे लागते. ही तयारी कशी असते, तिच्यामागील शास्त्र कोणते आणि ती अपुरी राहिल्यास काय ओढवते, हे समजून घेणे क्रीडाशिक्षक, ग्रामपंचायतींचे सदस्य आणि अशा उपक्रमांची जबाबदारी सांभाळणारे अधिकारी या सर्वांस उपयुक्त ठरेल.

सरोवर आणि त्याचा काठ

व्हेटर्न हे स्वीडनमधील दुसऱ्या क्रमांकाचे सरोवर होय. त्याचा विस्तार सुमारे १,९०० चौरस किलोमीटर असून ते दक्षिणोत्तर चिंचोळे पसरले आहे. त्याची लांबी सुमारे १३५ किलोमीटर, तर कमाल रुंदी ३१ किलोमीटरच्या आसपास आहे. सर्वांत खोल ठिकाणी ते १२० मीटरांहून अधिक खोल आहे. खोलीमुळे पाणी उन्हाळ्यातही थंड राहते. ते इतके स्वच्छ आहे की, काठावरील अनेक गावांना पिण्याचे पाणी याच सरोवरातून मिळते.

मोटाला हे गाव योता कालव्यामुळे प्रसिद्ध आहे. १८३२ साली पूर्णपणे खुला झालेला हा कालवा व्हेटर्न सरोवरास बाल्टिक समुद्राशी जोडतो. सायकलस्वार तेथून दक्षिणेकडे निघतात. प्रथम वाडस्टेना लागते. संत बिर्गिटा यांच्या मठासाठी आणि सोळाव्या शतकातील किल्ल्यासाठी हे गाव ओळखले जाते. पुढे लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या पेपरमिंट गोळ्यांसाठी नावाजलेले ग्रेन्ना येते. तेथून सरोवरातील व्हीसिंग्सो हे बेट दिसते. अंतराचा सुमारे तिसरा हिस्सा संपला की, सरोवराच्या दक्षिण टोकावरील यन्शोपिंग हे शहर येते.

या शहराचा महाराष्ट्राशी एक दूरचा संबंध आहे. यन्शोपिंग हे एकोणिसाव्या शतकापासून सुरक्षित काडेपेटीच्या उद्योगाचे माहेरघर होते. त्याच उद्योगातून वाढलेल्या स्वीडिश कंपनीने विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात भारतात विम्को ही कंपनी स्थापन केली. अंबरनाथ येथील तिचा काडेपेटीचा कारखाना ठाणे जिल्ह्यातील जुन्या पिढीस चांगला परिचित आहे.

यन्शोपिंगहून मार्ग उत्तरेकडे वळतो. पश्चिम काठावरील यू हे लाकडी घरांचे टुमदार गाव आणि कार्ल्सबोर्ग येथील एकोणिसाव्या शतकातील प्रचंड किल्ला मागे टाकून स्वार सरोवराच्या उत्तर टोकाला वळसा घालतात व मोटाला गाठतात. या सबंध वाटचालीत सरोवर उजव्या हातास राहते. म्हणजे आपल्याकडील प्रदक्षिणेची जी दिशा, तीच येथेही आहे.

उपक्रमाचा आरंभ

स्टेन-ओके हेल्मफ्रिड आणि एव्हर्ट रिडेल या दोघांच्या पुढाकाराने १९६६ साली हा फेरा प्रथम भरला. त्या वर्षी ३३४ सायकलस्वार निघाले होते. पुढे संख्या वाढत गेली आणि २०१०च्या दशकात नोंदणी वीस हजारांच्या वर पोहोचली. शंभर आणि दीडशे किलोमीटरचे धाकटे फेरेही भरू लागले. त्यांतील शंभर किलोमीटरचा फेरा खास स्त्रियांसाठी सुरू करण्यात आला. नवख्या माणसाने प्रथम लहान अंतर पार करावे आणि पुढील एखाद्या वर्षी मोठ्याकडे वळावे, अशी ही पायऱ्यांची रचना आहे.

स्वीडनमध्ये ‘क्लासिकर’ नावाची एक परंपरा आहे. बर्फावरील लांब पल्ल्याची स्की-दौड, व्हेटर्नचा सायकल फेरा, तीन किलोमीटर पोहणे आणि तीस किलोमीटर धावणे, हे चारही प्रकार बारा महिन्यांच्या अवधीत जो पूर्ण करतो त्यास तिचे मानचिन्ह मिळते. त्यामुळे वर्षभर शरीर सज्ज ठेवण्याची सवय तेथील अनेक कुटुंबांत रुजली आहे.

महत्त्वाची बाब अशी की, व्हेटर्नरुन्डनमध्ये विजेता घोषित केला जात नाही. प्रत्येकाची वेळ नोंदली जाते. परंतु पहिला, दुसरा असे क्रमांक नसतात. काही कसलेले गट नऊ तासांच्या आत परततात, तर कित्येकांना चौदा, सोळा किंवा त्याहूनही अधिक तास लागतात. इतरांच्या पुढे जाण्याचा मोह मुळातच नसल्याने आपल्या कुवतीप्रमाणे वेग ठरविण्याची मोकळीक प्रत्येकास राहते. तयारीचा पहिला धडाही तोच आहे.

सरावाचे वेळापत्रक

स्वीडनमधील हिवाळा दीर्घ व कडक असतो. रस्त्यावर बर्फ असल्याने तेथील सायकलस्वार जानेवारीपासून मार्चपर्यंत बहुधा घरात किंवा व्यायामशाळेत एका जागी उभ्या केलेल्या सायकलीवर सराव करतात. या काळात आठवड्यातून दोन-तीन वेळा पाऊण ते एक तास पायडल मारणे आणि जोडीला पाठ, पोट व मांड्या यांचे स्नायू बळकट करणारे व्यायाम करणे पुरेसे असते. दहा-बारा तास पुढे वाकून बसावयाचे असल्याने पाय शाबूत असतानाही पाठीने दगा दिला, असे अनेकांच्या बाबतीत घडते.

एप्रिलमध्ये रस्ते मोकळे होताच बाहेरील सराव सुरू होतो. आरंभी तीस ते पन्नास किलोमीटरच्या फेऱ्या, मे महिन्यात ऐंशी ते शंभर आणि फेऱ्यापूर्वी दोन-तीन आठवडे किमान एक दीडशे किलोमीटरची सलग फेरी, असा सर्वसाधारण क्रम असतो. फेऱ्याच्या दिवसापूर्वी एकूण हजार किलोमीटर तरी पायांखालून गेलेले असावेत, असा अनुभवी लोकांचा दंडक आहे. ही संख्या मोठी भासते. परंतु आठवड्यास सरासरी १२० किलोमीटर धरले तरी दहा आठवड्यांत १,२०० किलोमीटर होतात. आणि हे १२० किलोमीटर म्हणजे दोन सायंकाळी प्रत्येकी तीस व रविवारी साठ, एवढेच होय.

शरीर श्रमाने थकते आणि विश्रांतीत बळकट होते. म्हणून एका आठवड्यातून दुसऱ्या आठवड्यात जाताना अंतरात सुमारे एक-दशांशापेक्षा अधिक वाढ करू नये आणि दर चौथा आठवडा हलका ठेवावा, असा संकेत आहे. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांतच सुधारतात. परंतु स्नायूबंध व सांधे यांना त्याहून अधिक कालावधी लागतो. घाई करणाऱ्यांचे गुडघे दुखावतात ते याच कारणाने. शेवटच्या दहा-पंधरा दिवसांत अंतर कमी करावयाचे असते. त्या वेळी नव्याने कमावण्यासारखे काही उरलेले नसते. साठलेला थकवा मात्र उतरवावयाचा असतो.

सरावाचा वेग कसा ठरवावा, यासाठी उपकरणाची गरज नाही. सायकल चालविताना शेजारच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता आले, म्हणजे वेग योग्य आहे. दोन शब्दांनंतर धाप लागत असेल, तर तो वेग तीनशे किलोमीटर टिकणारा नव्हे. चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी सराव सुरू करण्यापूर्वीच वैद्यकीय तपासणी करून घेणे अगत्याचे आहे. छातीत दुखणे, भोवळ येणे किंवा अकारण धाप लागणे ही लक्षणे जिद्दीने दाबून ठेवण्याची नव्हेत.

सायकल आणि बैठक

महागडी सायकल घेतल्याने अंतर कमी होत नाही. शरीरास न जुळणारी सायकल मात्र ते वाढविते. सीटची उंची ही त्यातील पहिली गोष्ट. सीटवर बसून पायडल सर्वांत खाली असताना टाच त्यावर ठेवली, तर पाय सरळ व्हावा. म्हणजे चवड्याने पायडल मारताना गुडघ्यात किंचित बाक राहतो. सीट खाली असेल तर गुडघ्याच्या पुढील बाजूस ताण येतो. अति उंच असेल तर कंबर डावी-उजवीकडे हलते व मागील शिरा दुखावतात. हँडल फार दूर असल्यास मान व खांदे आखडतात. तळहातावर सतत भार पडल्याने करंगळी व तिच्या शेजारचे बोट बधिर होते. हातमोजे घालणे आणि हातांची जागा वरचेवर बदलणे हा त्यावरील साधा उपाय होय.

गिअर हे चढासाठीच असतात, हा समज अपुरा आहे. जड गिअर लावून सावकाश जोर देण्यापेक्षा हलक्या गिअरवर मिनिटास ऐंशी ते नव्वद फेरे मारणे लांब पल्ल्यात हितकारक असते. त्यामुळे स्नायूंवरील भार कमी होऊन श्रम हृदय व फुप्फुसांकडे वळतो आणि गुडघे शेवटपर्यंत साथ देतात.

निघण्यापूर्वी ब्रेक, तारा, चाकांचे आरे आणि साखळी यांची तपासणी करावी लागते. टायरमधील हवा त्याच्या बाजूवर छापलेल्या मर्यादेत हवी. झिजलेले टायर फेऱ्याच्या आदल्या दिवशी बदलण्याऐवजी दोन आठवडे आधी बदलून त्यावर सराव करणे इष्ट. तीच गोष्ट नव्या सीटची, बुटांची आणि कपड्यांची. अनुभवी सायकलस्वार फेऱ्याच्या दिवशी कोणतीही नवी वस्तू वापरीत नाही. सोबत दोन जादा ट्यूब, टायर काढण्याच्या पट्ट्या, हातपंप व पाना असावा. आणि अंधारात, थंड हातांनी पंक्चर काढण्याचा सराव घरीच केलेला असावा.

अन्न, पाणी आणि मीठ

शरीरातील स्नायू व यकृत यांत साठविलेली साखर साधारणतः चारशे ते पाचशे ग्रॅम असते. जोरकस श्रमात हा साठा दोन तासांच्या आसपास ओसरू लागतो. चरबीचा साठा पुष्कळ असला तरी तिच्यातून शक्ती मंद गतीने मिळते. साखर संपली की, पाय एकाएकी जड होतात, डोके हलके होते आणि पुढील चढ अशक्य वाटू लागतो. ही अवस्था आल्यावर खाण्याने लगेच भरून निघत नाही. म्हणून भूक लागण्यापूर्वी खावे आणि तहान तीव्र होण्यापूर्वी घोट घ्यावा, हा नियम लांब पल्ल्याच्या सर्व खेळांत पाळला जातो.

दर तासाला तीस ते साठ ग्रॅम पिष्टमय अन्न, असे प्रमाण सामान्यतः मानले जाते. एका मध्यम केळ्यात सुमारे पंचवीस ग्रॅम मिळतात. चौदा तासांच्या फेऱ्यात वरच्या प्रमाणाने आठशे ग्रॅमच्या वर पिष्टमय अन्न पोटात जावे लागते. हे साधे काम नाही. श्रमात रक्त स्नायूंकडे वळल्याने पचनशक्ती मंदावते व अनेकांस मळमळ होते. पोटालाही सराव द्यावा लागतो, तो यासाठी. रविवारच्या लांब फेरीत जे पचले, तेच फेऱ्याच्या दिवशी खावयाचे.

व्हेटर्नच्या काठावरील विसाव्यांवर ब्लूबेरी या निळ्या रानफळांचे गोडसर कोमट सार, गोड पाव, केळी आणि खारवलेली काकडी मिळते. वरवर विचित्र वाटणारा हा बेत शास्त्रशुद्ध आहे. सारातून साखर, पाणी व ऊब एकत्र मिळते. काकडीतून घामावाटे गेलेले मीठ परत येते. आपल्याकडील शेंगदाण्याची चिक्की, खजूर, गूळपोळी, लिंबूसरबत आणि चिमूटभर मीठ हीच कामे तितक्याच चोखपणे करू शकतील.

पाण्याचे प्रमाण हवेवर अवलंबून असते. थंड हवेत तासाला अर्धा लिटर पुरते. उष्ण हवेत त्याहून बरेच अधिक लागते. परंतु मीठ न घेता केवळ साध्या पाण्याचा अतिरेक करणेही घातक आहे. त्यामुळे रक्तातील क्षाराचे प्रमाण घसरून डोकेदुखी, गोंधळ आणि क्वचित बेशुद्धीही येते. पाणी आणि क्षार यांचा तोल सांभाळणे हे खरे सूत्र होय.

रात्र, थंडी आणि वारा

गटांचे प्रस्थान शुक्रवारच्या रात्रीपासून शनिवारच्या सकाळपर्यंत टप्प्याटप्प्याने होते. उत्तरेकडील प्रदेश असल्याने जूनमधील रात्र केवळ काही तासांची असते आणि क्षितिजावर फिकट उजेड रेंगाळत राहतो. तरीही पहाटे दोन ते चार या वेळेत माणसाची सावधानता सर्वांत कमी असते. रात्री निघणाऱ्यांनी आदल्या दोन-तीन दिवसांत पुरेशी झोप घेतलेली असणे म्हणूनच आवश्यक ठरते. निघण्याच्या रात्री झोप गेली तरी आधीची शिल्लक कामी येते.

सरोवराचे पाणी थंड असल्याने काठावरील हवेतही गारवा असतो. जून महिना असूनही रात्री तापमान दहा अंशांखाली उतरू शकते. त्यात पाऊस आला तर खरी परीक्षा सुरू होते. ओले अंग, वारा आणि उतारावरील वेग या तिहींमुळे शरीराची उष्णता झपाट्याने निघून जाते. प्रथम थरथर सुटते, मग बोटांना ब्रेक दाबता येत नाही, त्यानंतर बोलणे अडखळते व विचार मंदावतो. थरथर थांबली म्हणजे बरे वाटू लागले, असे समजणे ही घोर चूक आहे. शरीर हार मानू लागल्याचे ते चिन्ह असते. अशा वेळी थांबणे, कोरडे कपडे घालणे व गरम पेय घेणे हाच मार्ग. म्हणून आकाश निरभ्र असतानाही पाऊसकोट व कोरडा आतला सदरा जवळ ठेवणारा मनुष्य शहाणा ठरतो.

वाऱ्याचे गणितही जाणून घेण्यासारखे आहे. वेग दुप्पट झाल्यास हवेचा रोध चौपट होतो आणि तो तोडण्यास लागणारी शक्ती आठपट होते. सपाट रस्त्यावर सायकलस्वाराची बहुतेक शक्ती हवा कापण्यातच खर्च होते. पुढील सायकलीच्या मागे जवळून गेल्यास या श्रमात एक-चतुर्थांश किंवा त्याहूनही अधिक बचत होते. यामुळेच गटाने जाणारे लोक आळीपाळीने पुढे येतात. जो पुढे असतो तो वारा झेलतो, बाकीचे दम घेतात. शेतावरील इर्जिकीप्रमाणे हा परस्परांच्या उपयोगी पडण्याचा व्यवहार आहे.

तथापि या लाभाची किंमत शिस्तीने चुकवावी लागते. पुढील चाकास मागील चाक घासले, तर पडतो तो बहुधा मागचा. आणि त्याच्यावर त्याच्या मागचे. खड्डा, वळण, थांबणे यांची सूचना हाताच्या खुणेने व आवाजाने मागे पोहोचवावी, एकाएकी ब्रेक लावू नये, रस्त्याची मधली रेषा ओलांडू नये, हे नियम सरावातच अंगवळणी पडावे लागतात. हेल्मेट अनिवार्य आहे. अंधारात पुढे व मागे दिवा हवाच.

वेगाचा हिशेब आणि परतण्याचा निर्णय

३१५ किलोमीटर अंतर ताशी २० किलोमीटर वेगाने पावणेसोळा तासांत कापले जाते. ताशी २५ च्या वेगाने साडेबारा तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. त्यात विसाव्यांचे तास मिळवावे लागतात. पाच-सहा विसाव्यांवर प्रत्येकी वीस मिनिटे धरली, तर दोन तास त्यातच जातात. हा हिशेब आधी मांडलेला असला म्हणजे वाटेत घाई होत नाही.

बहुतेकांची चूक पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये होते. ताजे पाय, जमावाचा उत्साह आणि पुढून धावणारा गट यांच्या भरात माणूस सरावापेक्षा जलद जातो. ग्रेन्नापासून यन्शोपिंगकडे जाताना चढ लागतात. पश्चिम काठावर दुपारचा किंवा सकाळचा वारा समोरून असू शकतो. आणि सर्वांत शेवटी, पाय थकलेले असताना, उत्तरेकडील चढउतार येतात. आरंभी वाचविलेली शक्ती तेथे उपयोगी पडते. स्वीडिश लोक दहा किलोमीटरला एक ‘मील’ म्हणतात. तीनशे किलोमीटर म्हणजे त्यांच्या लेखी तीस मील. आपल्याकडील जुन्या माणसांनी कोसांवर वाट मोजावी, तसे ते एकेक मील मोजतात आणि मनावरील ओझे हलके करतात.

फेरा अर्धवट सोडण्याचा निर्णय हाही तयारीचाच भाग होय. थकलेला मनुष्य योग्य विचार करू शकत नाही. म्हणून कोणत्या लक्षणांवर थांबावयाचे, हे त्याने घरी, शांत चित्ताने ठरवावे व घरच्यांनाही सांगून ठेवावे. थांबलेल्या सायकलस्वारास मोटाला येथे परत आणण्याची सोय आयोजक करतात. विजेताच नसलेल्या या उपक्रमात थांबणाऱ्यास कोणी पराभूत मानीत नाही. पुढील वर्षी तोच मार्ग पुन्हा असतोच.

गावांची तयारी

सायकलस्वारांप्रमाणेच काठावरील गावेही तयारी करतात. विसाव्यांवर अन्नपाणी देणे, चौकात वाट दाखविणे, सायकली दुरुस्त करणे, जखमांवर मलमपट्टी करणे ही कामे मुख्यतः स्थानिक क्रीडामंडळांचे स्वयंसेवक करतात. या कामाच्या मोबदल्यात मंडळांना उत्पन्न मिळते व ते मुलांच्या खेळासाठी खर्च होते. एका रात्रीच्या सेवेतून गावातील फुटबॉल किंवा स्कीचे मंडळ वर्षभर चालण्यास हातभार लागतो. रस्त्यावर कचरा टाकण्यास मज्जाव असतो; पिण्याच्या पाण्याचे सरोवर शेजारी असताना हा नियम केवळ शोभेचा नव्हे.

महाराष्ट्रातही लांब पल्ल्याच्या सायकल प्रवासाने चांगले मूळ धरले आहे. ब्रेव्हे या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, स्पर्धा नसलेल्या फेऱ्या राज्यातील अनेक शहरांतून निघतात. त्यांत २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास, तर ३०० किलोमीटरसाठी वीस तास अशी मुदत असते. जून २०१५ मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी दोघांच्या संघाने अमेरिका खंड ओलांडणारी ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ ही दौड पूर्ण केली, तेव्हा आपल्या व्यवसायात गुंतलेली माणसेही योजनाबद्ध सरावाने काय साधू शकतात याचा प्रत्यय राज्यास आला.

आपल्याकडील हवा वेगळी आहे. येथे थंडीऐवजी ऊन हा शत्रू असतो. सरावाचा हंगाम पावसाळा संपल्यानंतर, आश्विन-कार्तिकापासून सुरू होतो. आणि मोकळ्या रस्त्याची शाश्वती नसते. परंतु मूळ सूत्रे तीच राहतात. एखाद्या शाळेने किंवा ग्रामपंचायतीने जवळच्या तलावाभोवती वीस-तीस किलोमीटरचा फेरा काढावयाचे ठरविले, तरी मार्गाची आधी पाहणी, पोलिसांस पूर्वसूचना, ठरावीक अंतरावर पाणी व मीठ-साखर, प्राथमिक आरोग्य केंद्राशी संपर्क, सर्वांत मागे एक वाहन आणि भाग घेणाऱ्यांकडून दोन महिने आधीपासून सराव, या गोष्टी टाळता येणार नाहीत. क्रमांक व बक्षिसे न ठेवता सर्वांनी सुखरूप परत येणे हेच यश मानले, तर मुले आपल्या दमाबाहेर जाण्याचे थांबतील.

मोटाला येथे १९६६ साली निघालेल्या ३३४ जणांमागे मोठी यंत्रणा नव्हती. दरवर्षीच्या अनुभवातून काठावरची माणसे शिकत गेली आणि उपक्रम वाढला. शनिवारच्या दुपारी त्या गावी परतणारा शिक्षक किंवा कामगार सायकलवरून उतरतो, तेव्हा त्याचे पाय थरथरत असतात आणि पुढील आठवड्यात तो नेहमीच्या कामावर रुजू होतो. त्याने सरोवराला घातलेली प्रदक्षिणा त्या एका दिवसात पूर्ण झालेली दिसत असली, तरी तिचा बराचसा भाग त्याने जानेवारीच्या थंड सायंकाळी, घराच्या एका कोपऱ्यात, कोणी पाहत नसतानाच पार केलेला असतो.